पिंपाची खोली

आत्या : दारात उभी राहून डोळे काय वटारतेस? आत ये, नाहीतर बाहेर हो. वाटेत उभं राहायची खोड काही जायची नाही तुझी.

भाची : आधी तो झाडू खाली ठेव.

आत्या : झाडूने काय घोडं मारलंय तुझं?

भाची : आणि तोंडाला हे काय बांधलंयस? दरोडा घालायला निघालीस?

आत्या : तुझ्या बापाचा रुमाल आहे. धुतलेला, दुहेरी घडीचा. सगळी काळजी घेतलीय मी, तू समजतेस तेवढी खुळी नाही. मागची पिंपाची खोली एकदा झाडून काढते, मग येऊ देत नगरपालिकेची माणसं खुशाल.

भाची : आत्या, ती माणसं खोली साफ करायलाच येतायत.

आत्या : म्हणून काय घाण दाखवायची त्यांना? एवढं नावाजलेलं बियाण्याचं दुकान, आणि मागे ही जळमटं! म्हणतील, भाऊ जाऊन वर्ष झालं नाही तर बहिणीने घराचा उकिरडा केला.

भाची : सफाईवाले यायच्या आधी सफाई करणारी तू जगातली पहिलीच. ते लोक डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाख घालून येणार, नाकातोंडावर यंत्र लावून. आणि तुझ्याकडे काय, तर बाबांचा रुमाल.

आत्या : रुमाल आणि तुझं औषध. ते कसं विसरलीस?

भाची : थांब. खोली उघडलीस का तू? खरं सांग.

आत्या : अजून नाही. कुलूप हटून बसलंय. तेल सोडलंय, मुरलं की उघडेल. दादाने लावलेलं कुलूप ते, त्याच्यासारखंच आडमुठं.

भाची : किल्ली दे इकडे.

आत्या : देते हं! बस तिथे वाट बघत.

भाची : बरं, नको देऊस. पण माझं कुठलं औषध म्हणालीस?

आत्या : बघा! स्वतःच फोनवर नाचत होतीस, "आत्या, जगल्या, सगळ्याच्या सगळ्या जगल्या!" मला वाटलं कुणाची मांजर व्यायली. मग कळलं, तुझ्या प्रयोगशाळेतल्या बशांमधल्या मेंदूच्या पेशी. पाऱ्याचं विष घातलं तरी मेल्या नाहीत, कारण तू आधी त्यांना ते हे दिलं होतंस. अँटि... अँटि...

भाची : अँटिऑक्सिडंट.

आत्या : तेच ते. म्हटलं, घरचीच शास्त्रज्ञ आहे तर मी कशाला मागे राहू? गेले औषधाच्या दुकानात. म्हटलं, अँटिऑक्सिडंट द्या. तर तो दुकानदार विचारतो, "कशासाठी हवंय? चेहऱ्यासाठी की केसांसाठी?" म्हटलं, खोलीसाठी.

भाची : आणि घेतल्यास तू त्या गोळ्या?

आत्या : सकाळीच. बाटलीवर रोज एक असं लिहिलंय. मी चार घेतल्या.

भाची : चार का?

आत्या : खोली मोठी आहे. हसतेस काय गं? का रडतेयस? तुझं तोंड लहानपणापासून हे असं, दोन्हीला एकच.

भाची : बस ना जरा. झाडू मांडीवर घेऊन बस हवं तर. मी सुट्टी काढून, पहिली गाडी पकडून आलेय ती तुला एक गोष्ट सांगायला. फोनवर सांगण्यासारखी नव्हती.

आत्या : लग्न ठरलं?

भाची : नाही.

आत्या : मग काय ते बोल. एवढं तोंड पाडण्यासारखं दुसरं काय असणार?

भाची : तो निकाल चुकीचा होता.

आत्या : कुठला?

भाची : फोनवर सांगितलेला. सगळ्या पेशी जगल्या तो.

आत्या : म्हणजे मेल्या?

भाची : नाही, जगल्याच. तीच चूक.

आत्या : ठके, तुम्हा शिकलेल्या माणसांपुढे हात टेकले. मेल्या तर रडता, जगल्या तरी रडता. जगल्या तर जगल्या, त्यात चूक कसली?

भाची : नीट ऐक. माझ्याकडे तीन प्रकारच्या बशा होत्या. पहिलीत नुसत्या पेशी. दुसरीत पेशी आणि विष. तिसरीत पेशी, औषध आणि विष. आता मला सांग, दुसरीतल्या पेशींचं काय व्हायला हवं?

आत्या : बिचाऱ्या जायला हव्यात.

भाची : हव्यात ना? त्या गेल्या, तरच तिसरीतल्या औषधाने वाचल्या असं म्हणता येतं. मी काय केलं, तिसरी बशी आधी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मला दम कुठे होता? बघितलं तर पेशी छान, टवटवीत, एकमेकींना फांद्या जोडून बसलेल्या. तेवढ्यावर तुला फोन केला. दुसरी बशी बघितली ती दुसऱ्या दिवशी.

आत्या : आणि?

भाची : त्याही तशाच. टवटवीत. विष पिऊन, औषधाशिवाय.

आत्या : अगंबाई. मग विषच नासकं असेल तुझं. आपल्याकडे एकदा उंदराचं औषध आणलं होतं, ते खाऊन उंदीर बाळसेदार झाले.

भाची : मलाही आधी तेच वाटलं. विष तपासलं, ते अस्सल होतं. मग माझ्याबरोबर काम करते ना, ती जाड चष्म्याची, तिने फडताळातून एक बाटली काढली आणि माझ्यासमोर धरली. म्हणाली, "बाईसाहेब, ह्यांना जेवायला काय वाढत होतात?"

आत्या : पेशी जेवतात?

भाची : जेवतात. तयार खाणं येतं त्यांचं, पातळ, गुलाबीसर. आणि त्या खाण्यात कंपनीवाले आधीच अँटिऑक्सिडंट घालून ठेवतात, पेशी धडधाकट राहाव्यात म्हणून. ते न घातलेलं खाणंही मिळतं. असल्या प्रयोगाला तेच लागतं. मी मागवताना नेहमीचंच मागवलं. म्हणजे ज्यांना मी औषधाशिवायच्या समजत होते, त्या पहिल्या दिवसापासून औषध खाऊनच बसल्या होत्या.

आत्या : म्हणजे मीठ घातलेल्या भाजीत वरून मीठ टाकून, "बघा मी कशी चव आणली," असं झालं तुझं.

भाची : अगदी तेच.

आत्या : आणि तुला प्रयोगशाळेत पगार देतात.

भाची : देतात. मलाही नवल वाटतं.

आत्या : बरं, मग? नाक मुठीत धरून बसलीस की पुन्हा केलंस?

भाची : पुन्हा केलं. सगळं पहिल्यापासून. या वेळी साधं खाणं देऊन.

आत्या : आणि दुसरीतल्या?

भाची : गेल्या. आक्रसून, फांद्या तोडून घेऊन, एकेकट्या गोळा होऊन गेल्या.

आत्या : असं नको सांगूस. काय त्या पेशी, पण कसंसंच होतं. आणि तिसरीतल्या?

भाची : तिसरीतल्या बऱ्याच वाचल्या. सगळ्या नाहीत, पण बऱ्याच. म्हणजे औषधात तथ्य आहे. ते मी खोटं म्हणत नाही.

आत्या : आहे ना तथ्य! मग मी काय म्हणतेय? ऊठ, तेल मुरलं असेल.

भाची : बस गं! पुढचं ऐक. औषध विषाच्या आधी दिलं, तर वाचल्या. कारण काय होतं, हा पारा पेशीत शिरला की आतून गंजवायला लागतो. पेशीकडे स्वतःचे थोडे राखणदार असतात, पण पारा पहिल्यांदा त्यांचेच हात धरतो. अँटिऑक्सिडंट म्हणजे वरून पाठवलेली कुमक. ती आधी पोचलेली असली, तर गंज स्वतःवर घेते आणि पेशी तगते. विष आत घुसल्यावर मागून पाठवली तर...

आत्या : तर काय?

भाची : फारसा फरक पडत नाही.

आत्या : फारसा म्हणजे?

भाची : म्हणजे जवळजवळ नाहीच.

आत्या : हं.

भाची : मी बशीतलं सांगतेय, आत्या.

आत्या : मीही बशीतलंच ऐकतेय. दादाचं नाव काढलं का मी?

भाची : नाही.

आत्या : मग तूही काढू नकोस. आधी पाणी पी. गाडीतून आलीस ती तशीच बोलत सुटलीस.

भाची : त्या फोननंतर, म्हणजे चूक कळायच्या आधी, मी खूप खूश होते. संध्याकाळी घरी गेले, कुलूप उघडलं, आणि एकदम मनात आलं, एवढं सोपं होतं? गोळीच द्यायची होती? मग बाबांना का नाही दिली आपण? त्यांचे ओठ बधिर झाले तेव्हा, चमचा कपात नीट जाईना तेव्हा. माझ्या हाताशी होतं की सगळं.

आत्या : आणि चूक कळल्यावर?

भाची : चूक कळल्यावर बरं वाटलं. म्हणजे बघ. प्रयोग फसल्याचं बरं वाटणारी मी.

आत्या : बापावर गेलीस. त्याचं बियाणं कुजलं की तोही खूश व्हायचा. म्हणायचा, "तरी म्हटलं सगळं सुरळीत कसं चाललंय!"

भाची : शेवटी शेवटी त्यांना नुसतं समोरचं दिसायचं. बाजूचं काहीच नाही.

आत्या : मला विचारतेस? मी बाजूला उभी राहून वाकुल्या दाखवायचे. त्याला पत्ताच नाही. मग समोर येऊन दाखवायचे. तेव्हा म्हणायचा, "कधीपासून चाललंय हे?" म्हणायचे, सकाळपासून.

भाची : म्हणून म्हणते, किल्ली दे. त्या डब्यांत अजून ती पूड आहे. पाऱ्याचं संयुग. बियाण्याला चोळायची बंद होऊन जमाना झाला, पण उरलेले डबे तिथेच गंजलेत, फुटलेत. तू झाडूचा एक फटकारा मारलास की सगळी हवेत. गोळ्या चार घे नाहीतर चाळीस, बशीतल्या पेशी आणि तू यांत फार अंतर आहे.

आत्या : गोळ्या गेल्या खड्ड्यात. तू ह्याचं उत्तर दे. मी कशी आहे?

भाची : कशी आहेस म्हणजे?

आत्या : मी! ही तुझ्यासमोर बसलेली, धडधडीत. त्याच दुकानात, त्याच छपराखाली, त्याच्या बरोबरीने उभी होते मी. तुझी आई गेल्यावर तर दुकान आणि तू, दोन्ही माझ्याच गळ्यात. त्याचे हात लटपटायला लागले. माझे बघ. बघ की! सुईत दोरा ओवते अजून, चष्म्याशिवाय. जिना चढते. सगळ्या गिऱ्हाइकांची नावं त्यांच्या बापांसकट पाठ आहेत. मला काय झालं? काही नाही. तो नाजूक होता, मी दणकट आहे. काही माणसांना विष बाधत नाही.

भाची : तू म्हणजे माझी दुसरी बशी.

आत्या : म्हणजे कोण?

भाची : जिला विष मिळालं आणि जी मेली नाही.

आत्या : मेले असते तर बरा लागला असता का तुझा निकाल?

भाची : फार बरा. पण तू ऐकतेस कुठे. आता अशी बशी दिसली की मी एकच विचारते. हिच्या खाण्यात आधीपासून काय होतं?

आत्या : जे त्याच्या होतं तेच. एका पातेल्यातलं. उलट दोन घास त्यालाच जास्त. पुरुषासारखा पुरुष, मधल्या वेळेला पाव चोरून खायचा.

भाची : खाणं सोड. काम कसं चालायचं ते सांग. मी तेव्हा लहान होते, मला फक्त पिंपाचा आवाज आठवतो. डबा कोण उघडायचं?

आत्या : तो.

भाची : पूड कोण मोजायचं?

आत्या : तोच. पितळेच्या मापाने. पिंपात आधी बियाणं, वर ती पूड, मग झाकण लावून हँडल फिरवायचं, दाण्यादाण्याला गुलाबी रंग चढेपर्यंत. मातीत बी कुजू नये म्हणून.

भाची : हँडल कोण फिरवायचं?

आत्या : सांगितलं ना, तोच!

भाची : आणि तू?

आत्या : मी पुढे. खिडकीपाशी. पिशव्या शिवायच्या, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं. बाहुलीसारखं बसवून ठेवलं होतं मला.

भाची : तू म्हणालीस बरोबरीने उभी होतीस.

आत्या : दुकानात होते ना? दुकान म्हणजे काय नुसती पिंपाची खोली?

भाची : आत जायचीस का कधी?

आत्या : जाऊ देईल तर! म्हणायचा, "तू धांदरट. तुझ्या हाताला वळण नाही. कमीजास्त पूड टाकशील आणि अख्ख्या गावाचं पीक बुडवशील." गिऱ्हाइकांपुढे म्हणायचा! "आमची बहीण, तोंडाने वाघ, हाताने आंधळी." सगळे हसायचे. मीही हसायचे. पण रात्री उशीत तोंड खुपसून शिव्या घालायचे त्याला. ते काम मला त्याच्यापेक्षा चांगलं जमलं असतं, ठके. माझा हात बघ. एक टाका वाकडा दाखव माझा.

भाची : नाही दाखवता येणार.

आत्या : म्हणून ती खोली मी झाडणार आहे. आता कळलं? जन्मभर उंबरठ्यावर उभी राहिले. आता तरी एकदा आत जाऊन, माझ्या हाताने लखलखीत करून दाखवते. मग म्हण म्हणावं धांदरट.

भाची : कुणाला दाखवणार?

आत्या : तुला काय करायचंय?

भाची : एकदाही गेली नाहीस आत?

आत्या : एकदा गेले. तो तापाने फणफणला होता. पेरणीचे दिवस, दारात माणसं उभी. मी किल्ली काढून घेतली त्याच्या उशाखालून, गेले आत आणि भरलं पिंप. असं फिरवलं म्हणतेस! एक दाणा पांढरा राहिला असेल तर शपथ. गुलाबी, एकसारखं, बघत राहावं असं.

भाची : मग?

आत्या : मग काय, तो आला उठून. भिंत धरत धरत. दारात मला बघितलं आणि असा ओरडला, असा ओरडला, की बाहेरची माणसं आत डोकावायला लागली. "सगळं नासवलंस! कुणी सांगितलं होतं तुला? बाहेर हो!" दंडाला धरून ओढत अंगणात नेलं मला. नळाखाली उभं केलं आणि बादल्यांवर बादल्या डोक्यावर ओतल्या. म्हशीला धुवावं तसं धुतलं, सगळ्यांच्या देखत. स्वतःच्या अंगात ताप, थरथर कापतोय, आणि ओततोय. माझा निळा स्वेटर होता, मीच विणलेला, कोरा करकरीत. तो काढायला लावला आणि परसात खड्डा खणून पुरला.

भाची : स्वेटर पुरला?

आत्या : पुरला! माणसाला पुरतात तसा. मी महिनाभर बोलले नाही त्याच्याशी. आणि लबाडी बघ. म्हणाला नासवलंस, पण तेच बियाणं दुसऱ्या दिवशी गुपचूप विकलं. सगळंच्या सगळं. त्या वर्षी सगळ्यांत चांगलं तेच उगवलं. लोक येऊन सांगत होते आणि हा माझ्याकडे न बघता मान डोलावत होता.

भाची : म्हणजे नासलं नव्हतं.

आत्या : नासेल कशाला? मी केलं होतं ना!

भाची : आणि हे त्यांना माहीत होतं.

आत्या : माहीत असल्याशिवाय विकेल? गिऱ्हाइकाला वाईट माल देणाऱ्यांतला नव्हता तो. जीभ वाईट, माल चोख.

भाची : मग ओरडले कशाला?

आत्या : कशाला म्हणजे? हलकट होता म्हणून. मला जमलं ते सहन झालं नाही म्हणून.

भाची : आणि बादल्या कशाला ओतल्या?

आत्या : मला काय ठाऊक? पाणी फुकटचं होतं म्हणून.

भाची : नासवलं म्हणून ओरडतात, आत्या. धूत नाहीत.

आत्या : तू ना, मला तुझ्या बशीत घालू नकोस हं.

भाची : काम झाल्यावर ते स्वतः काय करायचे? मला एवढंच आठवतं, घरात आले की मी धावायचे आणि ते दोन्ही हात वर करून उभे राहायचे. आंघोळ होईपर्यंत मला शिवू द्यायचे नाहीत.

आत्या : नटवा होता. दिवसातून दोनदा आंघोळ, नवरदेवासारखी. आणि ते कामाचे कपडे स्वतः धुवायचा, परसात, वेगळ्या बादलीत. मी म्हणायचे, आण इकडे, मी टाकते धुवून. तर म्हणायचा, "तुझ्या धुण्याने बटणं तुटतात."

भाची : तुटायची?

आत्या : एक तुटलं होतं. कधीतरी.

भाची : त्या डब्यांवर कवटी असते. आणि खाली छापलेलं असतं, हातमोजे घाला, पूड श्वासात घेऊ नका, अंगाला लागली तर लगेच धुवा. नगरपालिकेने मला फोटो पाठवले होते, असेच डबे आहेत का विचारायला.

आत्या : कवटी मी बघितलीय. गाडीवरून डबे उतरायचे तेव्हा. मी विचारलं, हे काय रे चित्र? तर म्हणाला, "कंपनीच्या मालकाचा फोटो. फार आजारी आहे बिचारा."

भाची : असं म्हणाले?

आत्या : मी दोन वर्षं विचारत होते, मालकाची तब्येत कशी आहे.

भाची : आत्या...

आत्या : हस, हस. मीही हसायचे. मालक बरा आहे का रे? म्हणायचा, "आहे तसाच आहे."

(आत्या तोंडावरचा रुमाल सोडते.)

भाची : हे सगळं म्हणजे पुरावा नाही. तुम्ही दोघंच. दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही. कदाचित तू खरंच दणकट असशील, कदाचित नुसतं नशीब. मी एवढंच म्हणतेय की...

आत्या : तू गप बस जरा.

भाची : बरं.

आत्या : सांगता येत नव्हतं त्याला? तोंड नव्हतं? जन्मभर मला हाताने आंधळी म्हणत राहिला, त्यापेक्षा एकदा नीट सांगायचं, बाई, हे वाईट आहे, जाऊ नकोस.

भाची : सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?

आत्या : काय म्हणजे? तंगडी तोडून ठेवली असती त्याची. पाऊल टाकू दिलं नसतं आत.

भाची : आणि दारात गिऱ्हाइकं उभी, बाकी सगळे गुलाबी बियाणं विकतायत, घरात मी, आई नसलेली.

आत्या : मग मी गेले असते. त्याला बाहेर ढकलून मी गेले असते आत. एक दिवस तू, एक दिवस मी. वाटून घेतलं असतं.

भाची : हो.

आत्या : हो काय?

भाची : काही नाही.

आत्या : वाटून घेतलं असतं ना. म्हणूनच नाही बोलला, मेला. लबाड. एवढा मोठा लबाड, आणि मी त्याला साधा समजत होते. धांदरट म्हणे! मी कधी बशी फोडली नाही घरातली.

भाची : मला त्यांचा राग येतो. हातमोजे घालता आले असते. नाकाला काहीतरी बांधता आलं असतं.

आत्या : बांधायचा की. हाच रुमाल. म्हणून तर आज मी हा काढला. मला वाटलं, त्याला पुरायचा तर मलाही पुरेल.

भाची : दे तो इकडे.

आत्या : घे. आणि ही घे किल्ली. अशी बघू नकोस माझ्याकडे. तेल सगळं फुकट गेलं.

भाची : तू पुढे बस, मी चहा ठेवते. आणि चहानंतर आपण दवाखान्यात जाऊन येऊ. चार गोळ्या घेतल्यास त्याही सांगू, आणि तुझं रक्त एकदा तपासून घेऊ.

आत्या : खोलीसाठी घेतल्या म्हणून सांगणार का डॉक्टरला?

भाची : सांगणारच. दिवसभर हसायला सगळ्या दवाखान्याला पुरेल.

आत्या : मग मी सांगीन, ही शास्त्रज्ञ मीठ घातलेल्या भाजीत मीठ घालते. बघू कोण जास्त हसतं.

भाची : आल्या वाटतं गाड्या. तू उठू नकोस, मी बघते.

मुकादम : कुणी आहे का घरात? नगरपालिकेकडून आलोय. जुन्या बियाण्याच्या औषधाचे डबे हलवायचे आहेत.

भाची : या. खोली अंगणातून आहे, मागच्या बाजूला. ही किल्ली. कुलूप घट्ट आहे, पण तेल सोडलेलं आहे.

मुकादम : वा. एवढी तयारी कुणी करत नाही. झाडून वगैरे ठेवलं नाही ना? काही लोक झाडून ठेवतात, मग आम्हाला अख्खं घर धुवावं लागतं.

भाची : नाही. झाडायला निघाली होती आमची आत्या, पण बसवली तिला.

आत्या : चुगलखोर.

मुकादम : मावशी, तुम्हीच राहता का इथे? मग तुम्हाला ठाऊक असेल, आत काय कुठे ठेवलंय. एक जादा पोशाख आहे आमच्याकडे, मुखवट्यासकट. सगळं घालून दारापर्यंत आलात आणि नुसतं बोटाने दाखवलंत तरी आमचं काम हलकं होईल. भीती नाही काही.

भाची : जायचंय का तुला, आत्या? ह्या पोशाखात जाता येईल. मी अडवणार नाही.

आत्या : नको, बाबा. तुम्हीच बघून घ्या काय ते. माझा भाऊ मला आत जाऊ देत नाही.